सीमाभाग कोट्यातून पुण्यात एमबीएची 'फिक्स सीट' म्हणणाऱ्यांपासून लांब रहा, माझे 1,97,500 गेले

आधी आकडा सांगतो. सीईटीच्या क्लासची फी 35,000, सीमाभागाची फाईल करायला 12,500 आणि सीट ब्लॉक करायला म्हणून 1,50,000. वट्ट 1,97,500 रुपये. परत आले 10,000, ते पण त्या क्लासवाल्याच्या दारात जाऊन बसलो म्हणून. त्या दीड लाखातले 90,000 आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून काढलेत आणि त्याचं व्याज अजून मी भरतोय.

आता लोक म्हणतात बीकॉम झालेला पोरगा, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीचे अकाउंट्स बघतो, हा कसा फसला. सांगतो कसा. सगळंच खोटं असतं तर मी पहिल्याच दिवशी उठून आलो असतो, पण निम्मं खरंच होतं ना. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीनंतरच्या कॅप प्रवेशात (म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेत) सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी सोय खरोखर आहे, टाईप ई म्हणतात त्याला. तुमचं गाव वादग्रस्त 865 गावांत असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, दोन्ही लावले की तुमचा विचार महाराष्ट्रातल्या मुलांसारखा होतो. एवढंच. पर्सेंटाईल तुम्हालाच काढावं लागतं, कोण घरपोच सीट देत नाही. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, यादीत आहे, म्हणजे मी त्यात बसतच होतो. आणि क्लास चालवणारा तो सर पण तेच सांगायचा, सगळे नियम पाठ, अस्सल बेळगावी मराठी, 'आपल्या पोरांनी पुण्यात जायला पाहिजे बगा' म्हणून. टिळकवाडीत झेरॉक्सच्या दुकानावर क्लास होता, रोज संध्याकाळी पंचवीसेक पोरं-पोरी बसायची. शिकवायचा पण बरा. 200 प्रश्न, 150 मिनिटं, त्यात 75 लॉजिकलचे, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एक पण प्रश्न सोडायचा नाही, शेवटची पाच मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर क्लिक करायला ठेवायची. हे सगळं बरोबरच होतं, म्हणून तर विश्वास बसला.

दाखल्यांसाठी कुणाला 12,500 देऊ नका. स्वतः जाऊन मागा.

आता जिथं मला कळायला पाहिजे होतं ते सांगतो, कारण रात्री झोपताना तेच डोळ्यासमोर येतंय. सीईटीचा फॉर्म भरायचा होता. त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर तो स्वतःच बसला, मी शेजारी स्टुलावर फाईल धरून. नाव माझं, जन्मतारीख माझी, दहावीचे मार्क माझे, आणि मोबाईल नंबरच्या चौकोनात त्यानं स्वतःचा नंबर टाकला. मेल आयडी पण क्लासचा. मी विचारलं, हो, विचारलं मी, सर नंबर माझा टाकायचा ना? तर हसला आणि म्हणाला, तू अभ्यास कर मर्दा, ओटीपीचं टेन्शन आमच्याकडं. टेबलावर त्याचा फोन टिंग वाजला, त्यानं सहा आकडे टाईप केले, झालं. माझ्या नावाच्या अर्जाची किल्ली त्या क्षणाला त्याच्या खिशात गेली. मागं अजून चार पोरं रांगेत उभी होती, सगळ्यांचे फॉर्म तसेच भरले, त्यात मी एकटा काय वाद घालणार? तुम्ही घातला असता का?

पैसे देताना पण तेच. क्यूआर स्कॅन केला तर कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं. म्हणाला, जीएसटीसाठी वेगळं खातं आहे. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणारा मी, मला पावती मिळाली ती वहीतल्या कागदावर, ना नंबर ना शिक्का.

परीक्षा खरी होती, मी दिली. पर्सेंटाईल आलं 81 च्या आसपास. तो सांगत होता त्या पुण्याच्या कॉलेजला एवढ्यात काय होत नाही हे मला माहीत होतं, पण तो म्हणाला सीमाभागाची लिस्ट वेगळी, आजच दीड लाख टाक, उद्या सीट जाईल. टाकले. दोन दिवसांत व्हॉट्सअपवर अलॉटमेंट लेटर, राजमुद्रेसकट. कॅपचं रजिस्ट्रेशनच अजून सुरू व्हायचं होतं! मेरिट लिस्ट नाही, ऑप्शन फॉर्म नाही, आणि अलॉटमेंट आधी. आमच्या घरात पेढे वाटले हो. लेटर घेऊन पुण्याला गेलो तर कॉलेजच्या काउंटरवरच्या बाईंनी कागद बघून सरळ परत दिला, म्हणाल्या असले या वर्षी बरेच आलेत. मग स्वतः कॅपचा अर्ज भरावा म्हटलं तर लॉगिन उघडेना, पासवर्ड बदलायचा तर ओटीपी त्याच्या फोनवर, आणि त्याचा फोन स्विच ऑफ. मुदत गेली. वर्ष गेलं.

नंबर आणि मेल स्वतःचाच टाका. बापाचा पण नको.

पोलिसांचं तर काय सांगू. इथल्या ठाण्यात म्हणाले कॉलेज पुण्याचं, तिकडं द्या. पुण्यात म्हणाले पैसे बेळगावात दिले, तिकडं द्या. परत इथं आलो तर मराठी अर्ज घेईनात, कन्नडमधून आणा. बाहेर 300 रुपये देऊन टाईप करून आणला, तर साहेब नाहीत, नाळे बर्री, म्हणजे उद्या या. उद्या गेलो, परत नाळे बर्री. शेवटी साहेब भेटले तर म्हणतात, स्वतःच्या हातानं दिलात ना, मग चीटिंग कुठली, सिव्हिल मॅटर आहे. खोटं सरकारी लेटर सिव्हिल मॅटर? 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यायला पाहिजे, हे मी मोबाईलवर दाखवलं तर उलट मलाच विचारलं, तू वकील काय? सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलाय, माझा अर्ज त्याच्यापेक्षा लवकर निघेल असं काय वाटत नाही. एका पुढाऱ्याकडं गेलो, भाषणात मराठी पोरांसाठी रडणारा, 'बघतो' म्हणाला. नंतर कळलं त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर हाच सर कोपऱ्यात हात जोडून उभा आहे.

पैसे ऑनलाईन गेले असतील तर त्याच तासाला 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा. मी 'परत देतो' च्या नादात राहिलो, तोवर खातं रिकामं. कोण सिलेक्शनची गॅरंटी देत असेल तर तिथंच उठा, कोचिंगवाल्यांनी असली जाहिरात करायची नाही अशा केंद्राच्या सूचना नोव्हेंबर 2024 मध्येच आल्यात. आणि क्लास चांगला शिकवतोय म्हणजे माणूस चांगला असं धरू नका.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात चाललोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुणे-बेळगाव टोलवाटोलवी तिथं तरी चालणार नाही. त्याच बॅचमधले जे लाजून गप्प बसलेत त्यांनी वहीच्या कागदाची ती पावती फाडू नका, आणि त्या ट्रेडर्सच्या नावाचा स्क्रीनशॉट असला तर मला पाठवा, सगळ्यांचे एकत्र लावायचेत.