विमान आधी की खोली आधी? चुकाऱ्यावर चालणाऱ्या घराचा हिशेब

पगारदार माणसाची रजा मंजूर झाली की त्याची सहल ठरते. यवतमाळ किंवा वर्धा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाची सहल मात्र कापसाचा चुकारा कधी हाती येतो, तूर कधी निघते आणि मधल्या काळात आभाळ कसे वागते, यावर अवलंबून असते. त्यामुळे विमानाचे तिकीट जितक्या लवकर घ्याल तितके स्वस्त पडेल, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. उदाहरणादाखल फेब्रुवारीत नागपूरहून दिल्ली आणि आग्रा पाहायला निघणारे चौघांचे कुटुंब घेऊ. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. सोयाबीन विकून हातात पैसा आला की ऑक्टोबरातच सारे आरक्षण उरकून घेणे ही पहिली, आणि तूर खळ्यावर येईपर्यंत थांबून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तिकिटे काढणे ही दुसरी.

पहिल्या वाटेचा फायदा खरा आहे. एकाच विमानातल्या एकाच वर्गाच्या आसनांचे कंपन्या दरांनुसार वेगवेगळे गट पाडतात आणि स्वस्त गट आधी संपतात. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा : स्वस्त दराची तीनच आसने उरली असतील आणि आपण चौघांचा शोध एकत्र घेतला, तर बहुधा चौघांनाही वरचा दर दाखवला जातो. म्हणून आधी एका प्रवाशाचा दर पाहावा, मग चौघांचा. तफावत दिसली तर तिकिटे दोन भागांत काढावीत.

तोटा बेत मोडल्यावर कळतो. स्वस्त तिकीट रद्द केले की कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते, मूळ भाड्यातला बराचसा भाग मात्र रद्द करण्याच्या आकारात जातो. समजा, येण्याजाण्याचे तिकीट लवकर घेतल्यास माणशी 9,000 रुपयांना आणि उशिरा घेतल्यास 12,000 रुपयांना पडते. चौघांचे 12,000 वाचले. बेत मोडला आणि 36,000 पैकी 6,000 परत आले, तर 30,000 गेले. आता असे दहा बेत डोळ्यांसमोर आणा. सात पार पडले तर 84,000 वाचतात आणि तीन मोडले तर 90,000 जातात. म्हणजे दहांतले तीन बेत मोडणाऱ्या घराला लवकर तिकीट घेण्याचा काहीच लाभ नाही. दहांतला एखादाच मोडत असेल, तर खुशाल लवकर घ्यावे. आमच्या घरी चार महिने आधी काढलेली तिकिटे अवकाळी पावसाने वेचणीला आलेला कापूस भिजवल्यामुळे रद्द करावी लागली होती, तेव्हापासून हा हिशेब मी कागदावर मांडूनच करतो.

उशिराची वाट म्हणजे अगदी शेवटच्या घटकेची वाट नव्हे. निघण्याच्या आठवड्यात कामानिमित्त जाणारे लोक मिळेल त्या दराने तिकीट घेतात आणि तेव्हाचे दर सहसा सर्वांत चढे असतात. माझ्या मते फेब्रुवारीसारख्या बिनसुट्टीच्या महिन्यासाठी चार ते सहा आठवडे आधीचा काळ आपल्याला मानवतो, कारण तोवर तुरीचा अंदाज आलेला असतो आणि दरही फारसे चढलेले नसतात. दिवाळी आणि मे महिना यांना हा नियम लावू नये. दिवाळीत पुण्यामुंबईहून घरी येणाऱ्या मुलांची तिकिटे तारीख ठरताच काढावीत, आणि मे महिन्यात तर विदर्भाच्या उन्हातून बाहेर पडू पाहणाऱ्या साऱ्यांची घाई एकाच वेळी होते. (शिवाय तेव्हा बियाण्याखतांचे पैसे बाजूला काढायचे असतात, ही अडचण निराळीच.)

हॉटेलचे गणित नेमके उलट आहे, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात : विमानाची घाई करतात आणि खोली शेवटी पाहतात. एकाच खोलीचे बहुधा दोन दर असतात. एक आगाऊ पैसे भरून घेण्याचा, थोडा स्वस्त, पण रद्द केल्यास काहीही परत न देणारा. दुसरा थोडा महाग, पण ठरलेल्या तारखेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारा. दुसऱ्या दराने ऑक्टोबरातच खोली धरून ठेवावी, रद्द करण्याची अंतिम तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहावी आणि पुढे दर उतरलेला दिसला तर नवी खोली घेऊन मगच जुनी सोडावी. आगाऊ पैशांचा दर विमानाचे तिकीट हाती आल्यानंतरच विचारात घ्यावा. आग्र्याची खोली घेताना ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे ध्यानात असू द्यावे.

तारखा जानेवारीत ओढण्याचा मोह होईल, पण दिल्लीच्या धुक्यात सकाळची विमाने रखडतात आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथले आकाश काही तास विमानांना बंद ठेवले जाते.

रेल्वेचा पर्याय बाजूला सारू नये. नागपूरहून दिल्लीला जाणाऱ्या अनेक गाड्या आग्र्यावरूनच जातात, त्यामुळे जाताना रेल्वेने आग्र्याला उतरून पुढे दिल्ली आणि तिथून विमानाने परत, असा बेत सोयीचा होतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होते. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याचे तिकीट डिसेंबरच्या मध्याला मिळू लागते. या गाड्या दक्षिणेकडून भरून येतात, तेव्हा आरक्षण उघडते त्याच दिवशी सकाळी ते काढावे; पुढे निश्चित झालेले तिकीट वेळेत रद्द केले, तर होणारे नुकसान विमानाच्या मानाने किरकोळ असते.

शेवटी दर पाहताना गावापासूनचा खर्च मांडावा. पहाटे सहाचे विमान हजार रुपयांनी स्वस्त दिसते, पण पांढरकवड्याहून नागपूर सुमारे 150 किलोमीटर आहे आणि त्या वेळी विमानतळावर पोहोचवणारी एसटी नसते. मग मध्यरात्री भाड्याची गाडी करा किंवा आदल्या रात्री नागपुरात खोली घ्या. त्यातही डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असले तर ती खोली सहजी मिळत नाही. परतीचेही तसेच आहे. दुपारी तीनपर्यंत नागपुरात उतरणारे विमान थोडे महाग असले तरी ते घ्यावे, म्हणजे गावाकडची शेवटची बस चुकत नाही.