विदर्भाचा उठावाचा नकाशा घेतला, पण मुलताईच कापून टाकलंय

नागपूरला बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) एका दुकानातून मागच्या महिन्यात विदर्भाचा उठावाचा नकाशा, म्हणजे डोंगर-दऱ्या हाताला लागतील असा उंच-सखल नकाशा, घेतला, १४५० रुपये पडले, फायबरचा आहे, दोन फूट बाय दीड फूट असेल, मागे अडकवायला हूक पण आहे. पोरगी आठवीत आहे, तिला भूगोल म्हणजे पाठ करायची गोष्ट वाटते, म्हणून घेतला. पाचपैकी साडेतीन देते, दीड काऊन कापले ते खाली सांगते.

आधी चांगलं. याच्यावर हात फिरवला की कळते. वर मेळघाट, गाविलगडचे डोंगर बोटाला टोचतात आणि तिथून खाली सरकलं की पूर्णेचं खोरं एकदम सपाट. उंची मुद्दाम वाढवलेली आहे, ते बरोबरच केलं त्यांनी, कारण खऱ्या प्रमाणात चिखलदरा पण मिलिमीटरभरच वर आला असता, मग आपलं ३१० मीटरवरचं नागपूर काय हाताला लागणार.

नद्या निळ्या खाचांनी कोरल्या आहेत, हे मला सगळ्यात आवडलं. पोरीने बोट ठेवलं नाग नदीवर आणि निघाली, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, मग गोसीखुर्द, मग वर्धा येऊन मिळते तिथून प्राणहिता, आणि शेवटी सिरोंच्याजवळ गोदावरी. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातलं घाण पाणी बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते आणि मधे गोसीखुर्दच्या धरणात जाते, हे तिला बोटाने कळलं, मला सांगावं नाही लागलं. आपल्याला समुद्र नाही, पण समुद्राकडे जायच्या वाटा दोन आहेत, पूर्णेचं पाणी तापीतून उलटं अरबी समुद्राकडे जाते.

खडकांचे रंग पण चांगले दाखवलेत. नागपूर बरोबर सांध्यावर बसलंय, पश्चिमेला लाव्हाचा काळा दगड, बर्डीच्या किल्ल्याची टेकडी त्याचीच, आणि पूर्वेला त्याच्याहून किती तरी जुने खडक. म्हणून वर्धा-यवतमाळकडे काळी माती आणि कापूस, भंडारा-गोंदियाकडे धान आणि कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव.

आता तक्रार. कोळसा काळ्या ठिपक्यांत आणि मँगनीज गडद राखाडी, ट्यूबलाइटच्या उजेडात दोन्ही सारखेच दिसतात. कामठी, उमरेड, वणी, बल्लारपूर कोळशाचं, आणि मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग मँगनीजचं, हे मला माहीत आहे म्हणून कळलं, पोरीला कसं कळणार. माझे बाबा कांद्रीच्या खाणीत होते, त्यांनी कपाटातून जपून ठेवलेला मँगनीजचा दगड काढून तिच्या हातावर ठेवला, मुठीएवढाच पण हात खाली गेला तिचा, आणि तळव्याला काळं लागलं. नकाशावर मनसरच्या ठिपक्याजवळ तो दगड धरून बाबा अर्धा तास बोलत होते, ते आमच्याकडे फार कमी होते.

पण सगळ्यात मोठी चूक ही की नकाशा राज्याच्या सीमेवर कापलाय, त्याच्यापुढे नुसतं पांढरं सपाट. अरे पण पलीकडे मध्य प्रदेशात वर्धा उगवते मुलताईच्या भागात, वैनगंगा शिवनी जिल्ह्यात, कन्हान छिंदवाड्याकडून येते, आणि मँगनीजचा पट्टा पण तसाच पुढे बालाघाटला जाते. नकाशात तीनही नद्या सीमेच्या रेघेतूनच निघाल्यासारख्या दिसतात. तापी पण मुलताईचीच, म्हणजे एकाच भागातून एक नदी पश्चिमेच्या समुद्राला आणि एक पूर्वेच्या, आणि नेमकं तेच गायब! शेवटी आम्ही नकाशा प्लायवर ठेवला आणि वरच्या बाजूला शाडूच्या मातीने मुलताईचं पठार बनवलं, काडीने दोन्ही नद्या ओढल्या. वाळल्यावर तडा गेला थोडा, पण आता वर्धा कुठून येते ते दिसते.

आणि खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेला भाग, कुठेच दाखवला नाही. माझी मावशी दर्यापूरची, समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि विहिरीचं पाणी खारट, तिच्याकडे लहानपणी चहाची चव मला वेगळीच लागायची. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या केवढ्या गावांचं जगणं त्या पाण्यावर ठरते, एक रेघांचा पट्टा द्यायला काय जात होतं.

दुकानदार काका चांगले आहेत, दोन-तीन उघडून दाखवतात, घाई करत नाहीत. तुम्ही घ्याल तर उजवीकडचा खालचा सिरोंच्याचा कोपरा नक्की बघा, माझ्यावाल्यात पॅकिंगमधे तो दबून आला होता आणि प्राणहिता गोदावरीला मिळते तीच खाच बुजली होती, काकांनी लगेच बदलून दिला.