बंदराच्या शहरात डिफ्युजन ट्यूब: ठिकाण सांगते, वेळ सांगत नाही

डिफ्युजन ट्यूब म्हणजे हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड वायू मोजायची बोटभर लांबीची ॲक्रिलिकची नळी. मी ती बरीच वापरली आहे आणि समुद्रकाठच्या शहरात प्रदूषणाचा माग काढणाऱ्याने सुरुवात हिच्यापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. वीज नको, पंप नको. वरच्या टोपणात स्टीलची बारीक जाळी असते, तिला ट्रायइथेनॉलअमाइन हे रसायन लावलेलं असतं; ते वायू शोषून नायट्राइटच्या रूपात धरून ठेवतं. खालचं टोपण काढायचं, नळी दिव्याच्या खांबाला उभी बांधायची आणि दोन ते चार आठवड्यांनी बंद करून प्रयोगशाळेत द्यायची. तिथे जाळीतून उतरवलेल्या नायट्राइटमध्ये रसायन घातलं की द्रावण गुलाबी होतं. रंग जितका गडद, तितका वायू जास्त. १९७६ साली पाम्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुळात कामाच्या जागी माणसाच्या अंगावर लावण्यासाठी काढली होती.

एका मोठ्या यंत्राच्या खर्चात नळ्या शहरभर टांगता येतात, हा तिचा खरा फायदा. मी धक्क्यापासून आत शहराकडे ओळीने लावते आणि एक ओळ मुख्य रस्त्याला आडवी. आकडा धक्क्यापासून आत उतरत गेला की बंदरावर संशय घ्यायचा, चौकात पुन्हा चढला की वाहनांवर. धक्क्याला लागलेल्या जहाजाची विजेसाठी सहायक इंजिनं चालूच असतात, हे विसरू नका. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकावर ०.५ टक्क्यांची मर्यादा आली, पण तिचा इथे फारसा उपयोग नाही. नायट्रोजन ऑक्साइड (आपला डायऑक्साइड त्यांतलाच) मुख्यतः इंजिनाच्या धगीत, हवेतल्याच नायट्रोजनपासून तयार होतात.

आता उणीव, आणि किनाऱ्यावर ती मोठीच आहे. दिवसा खारे वारे बंदराचा धूर शहरात आणतात, रात्री मतलई वारे शहराचा धूर समुद्राकडे नेतात. नळी दोन्हींची सरासरी करून एकच आकडा हातात ठेवते. म्हणून मी शेजारीशेजारी दोन नळ्या लावते. एक फक्त दिवसा उघडी, दुसरी फक्त रात्री, आणि हिशेब उघड्या तासांचा. रोज दोनदा कुणीतरी जावं लागतं, पण त्याशिवाय धक्क्याजवळच्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

सोसाट्याच्या वाऱ्यात नळीच्या तोंडाशी हवा घुसळते आणि आकडा फुगतो. तोंडावर जाळी किंवा पडदा असलेला प्रकार घ्या, आणि काही नळ्या सरकारी यंत्राशेजारी लावून फरक काढा.

अमोनिया या नायट्रोजनच्याच दुसऱ्या वायूसाठी आम्ल लावलेली वेगळी नळी मिळते, तीही मागवाच. सांडपाण्याचे नाले आणि पेट्रोल गाड्या यांतून येणारा अमोनिया तिच्याशिवाय दिसत नाही. मात्र समुद्राच्या मिठावर नायट्रिक आम्ल बसून जे सोडियम नायट्रेट होतं, ते यातल्या कुठल्याच नळीत येत नाही. हे जाड कण लवकर खाली बसतात, खाडीच्या पाण्यातही पडतात. त्यांच्यासाठी फिल्टर आणि पंप लागतोच. खाडीत नायट्रोजन किती पडतो, एवढाच तुमचा प्रश्न असेल, तर नुसत्या नळ्यांवर पैसे घालू नका.

मागवताना तुलनेसाठी न उघडायच्या कोऱ्या नळ्या लेखी मागा. एका प्रयोगशाळेने मला त्या पाठवल्याच नव्हत्या, आणि त्यांच्याशिवाय कमी आकड्यांच्या ठिकाणांचं काहीच ठरवता येत नाही. लावेपर्यंत नळ्या फ्रिजमध्ये ठेवा.