२०१४ची वॅगन आर ठेवली: अख्ख्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

गाडी एलएक्सआय, पेट्रोल, एमएच-४३. रोजचा रस्ता नेरूळ ते ठाणे: ठाणे-बेलापूर रोड, ऐरोली, विटावा, कळवा नाका. मे २०२५मध्ये विकायची की ठेवायची हा प्रश्न होता. ठेवली, नीट दुरुस्त करून घेतली, आणि पावसाळा-दिवाळी चालवून आता लिहितेय.

आधी पैशांचं. सात लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे ११,२६० रुपये बसतो आणि नुसतं व्याजच अडीच लाखांच्या घरात जातं. माझा आतापर्यंतचा दुरुस्तीचा सगळा खर्च चाळीस हजारांच्या आत आहे, म्हणजे साडेतीन हप्ते. त्यात चार टायर, क्लच आणि पुढचं सस्पेन्शन (खड्ड्यांचे धक्के झेलणारी यंत्रणा) आलं. ही कामं काही दरवर्षी निघत नाहीत. २२ सप्टेंबरला छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, तेव्हा घरात पुन्हा विषय निघाला. पुन्हा आकडेमोड केली, तरी पारडं जुन्या गाडीकडेच राहिलं.

सगळ्यात जास्त फरक सस्पेन्शनने पडला. खड्ड्यात पुढून खडखड यायची आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. मेकॅनिककाकांनी गाडी वर घेऊन लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, हलवून दाखवला. त्याच्या सांध्यातल्या बुशचं रबर फाटलं होतं. दोन्ही लोअर आर्म आणि स्ट्रट माउंट (शॉक अब्सॉर्बरची वरची बैठक) बदलले, मग टायर, आणि शेवटी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. हा क्रम काकांनी आग्रहाने पाळायला लावला, आणि तो अगदी बरोबर आहे. बुश ढिले असतील तर अलाइनमेंट टिकत नाही आणि नवे टायर एका कडेने झिजतात. टायर घेताना बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे जरूर वाचा: पहिले दोन टायर कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात, पुढचे दोन कोणत्या वर्षी ते. मला आधी दाखवलेला माल दोन वर्षं पडून असलेला होता. तो परत ठेवायला सांगितला, दुकानदाराने मुकाट्याने ताजा काढला.

सर्व्हिसिंगला एस्टिमेट हातात घेऊन बसा. माझ्या एस्टिमेटमध्ये इंजिन फ्लश आणि एसी डिसइन्फेक्टंट होतं. मॅन्युअलच्या तक्त्यात दोन्ही नाहीत, म्हणून खोडायला लावलं. उलट ब्रेक ऑइलबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. ते हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि गरम झाल्यावर ब्रेक मऊ पडतो. दर दोन वर्षांनी बदलायचं काम आहे, खर्चही किरकोळ. खाडीलगत राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की खालून धुऊन घ्यायचं मुळीच टाळू नये. चाकाच्या वरच्या खोबणीत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि पत्रा तिथूनच सडायला लागतो.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की मी सरळ थांबते. इंजिनाने पाणी ओढलं तर आतला पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शन कव्हर घेतलेलं नसेल तर विमा कंपन्या ते बिल सहसा नाकारतात. वर्षभराची सगळी बचत एका दुपारी जाईल.

क्लचबद्दल एवढंच: कळव्याच्या कोंडीत हाफ क्लचवर इंच-इंच सरकू नका. पुढे गाडीभर जागा झाली की मग पहिला गिअर टाका. मायलेज इथेनॉलच्या पेट्रोलमुळे थोडं उतरलं आहे. इथेनॉलने जुनं रबर खराब होऊ शकतं, म्हणून इंधनाचे रबरी पाइप तपासून घेतले, ते शाबूत आहेत.

देखभालीने एक गोष्ट मात्र मिळत नाही, आणि ती मला मनापासून खटकते: सुरक्षितता. माझ्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅगही नाही. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून. म्हणून ही गाडी शहरातच चालते. पुण्याला आम्ही ट्रेनने जातो. ज्यांचं एक्सप्रेसवेवर वरचेवर जाणं-येणं आहे, त्यांना मी जुनी गाडी ठेवा असं सांगणार नाही.

नोंदणीची पंधरा वर्षं २०२९मध्ये भरतील. नूतनीकरणाचं शुल्क सध्या ५,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. तेव्हा खालचा पत्रा कसा आहे ते बघूनच पुढची पाच वर्षं ठरवेन.