मायक्रोबिट: आठवीच्या वर्गात वर्षभर वापरल्यावर

सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या पैशांतून गेल्या जूनमध्ये दहा बीबीसी मायक्रोबिट घेतले, दुसऱ्या आवृत्तीचे. मायक्रोबिट म्हणजे मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचा छोटासा संगणक-बोर्ड. केबल आणि सेलच्या डबीसकट एक नग अडीच हजारांच्या आसपास पडला. मुख्याध्यापक बोर्ड हातात धरून म्हणाले, "एवढ्याशाला?"

आहेच एवढासा. चार बाय पाच सेंटीमीटर. पण त्यातच 25 लाल दिवे, दोन बटणं, हलवलं की कळणारा सेन्सर, होकायंत्र, माइक, स्पीकर. आधी आम्ही आर्डुइनो वापरायचो, तोही प्रोग्राम टाकायचा बोर्डच, पण दिवे-सेन्सर बाहेरून जोडावे लागणारा. तो पाचशेत मिळतो, पण एलईडीचा लांब पाय कुठे नि आखूड कुठे हे ब्रेडबोर्डवर (तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर) शोधण्यातच निम्मा तास संपायचा आणि प्रोग्रामिंग राहून जायचं. इथे सुरुवातीला काही जोडावंच लागत नाही. संगणकावर मेककोड या प्रोग्राम लिहायच्या साइटवर सूचनांचे ठोकळे लावायचे, पेनड्राइव्हवर टाकतो तशी फाइल बोर्डवर टाकायची. प्रोग्राम आतच राहतो, त्यामुळे लाइट गेली तरी दोन बारीक सेलवर पोरांचं चालू.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्वतःचं नाव हवं होतं. स्क्रीनवर अक्षरं सरकतात ती फक्त इंग्रजी. मग एकीने 25 दिव्यांत 'ग' काढला. 'त', 'न'ही बसले. 'क्ष'वाला पोरगा अडला. त्याने वही काढली, चौकटी आखल्या, खोडल्या आणि शेवटी आधी 'क', मग 'ष' दाखवला. एकदाच दिसून थांबलं, तेव्हा दोन्ही उचलून 'फॉरएव्हर'मध्ये, म्हणजे आतलं सारखं पुन्हा पुन्हा करणाऱ्या ठोकळ्यात घातले. लूप शिकवायचा माझा धडा तिथेच झाला. (आठवडाभर वर्गात त्याला 'क-ष' म्हणत होते.)

आता तक्रारी. ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेल्या दहा केबलींपैकी चार नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या. बोर्डवरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसतच नाही. दोन तास मी पोरांचे प्रोग्राम तपासत बसलो. विक्रेत्याचं उत्तर: "सर, पॉवर येतेय ना?" एक बोर्ड मात्र आमच्याच हातून गेला. कुणीतरी त्याला 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. हा 3 व्होल्टचा जीव, क्षणात गेला. माझं लक्ष नव्हतं.

नववीच्या गटाने तुळशीच्या कुंडीत दोन खिळे रोवून ओलावा मोजला. एक खिळा बोर्डच्या 3 व्होल्टच्या टोकाला, दुसरा पिन शून्य या मोजणाऱ्या टोकाला. आकडा 0 ते 1023 मध्ये येतो. कोरड्या मातीत दोनशेच्या आत, तांब्याभर पाणी घातलं की सहाशेच्या वर. चौथ्या दिवशी पाणी घालूनही आकडा चढेना. खिळा उपटला तर काळपट, भुसभुशीत. दिवसरात्र वीज वाहत राहिली की ओल्या मातीत खिळ्याचं असंच होतं. विद्युत अपघटन फळ्यावर शिकवताना निम्मा वर्ग पेंगतो, इथे खिळा हातोहात फिरला. मग पोरांनी नवा खिळा रोवला आणि तो 3 व्होल्टऐवजी प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिन एकला जोडला. तासातून एकदा ती चालू करायची, आकडा घ्यायचा, बंद करायची.

हा नवा खिळा सहा आठवडे टिकलाय. जूनमध्ये आणखी पाच बोर्ड घेणार आहे, केबल मात्र गावातल्या मोबाइलवाल्याकडून, त्याच्या काउंटरवर लावून बघून.