जाम नट-बोल्टसाठी इंडक्शन हीटर: इंजिनकामात काही महिने वापरल्यानंतर

यंत्र 230 व्होल्टवर चालणारं, 1000 वॅटचं, हातात धरून वापरायचं. ज्वाळा नाही, नटाभोवती धरलेली तारेची कॉइल चुंबकीय क्षेत्राने लोखंड तापवते. सोबत 19, 26 आणि 38 मिमीच्या तयार कॉइल आणि हवी तशी गुंडाळता येणारी एक लांब लवचीक कॉइल. कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातली यंत्रं कामाला साधारण सारखीच असतात. एक्झॉस्टचे नट आणि लॉकटाइट (आटे चिकटवून ठेवणारा गोंद) लावलेले बोल्ट यांच्यासाठी पैसे वसूल. इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये किंवा ब्लॉकमध्ये अडकलेल्या बोल्टसाठी घेणार असाल, तर थोडं थांबा. तिथे हाच हीटर वेगळ्या पद्धतीने वापरावा लागतो, आणि बोल्ट तुटतात ते बहुतेक तिथेच.

आधी सोपं काम. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा M8 (8 मिमी आट्यांचा) स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, त्यावर 13 नंबरचा नट. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तो 15 मिमी भरतो, त्यामुळे 19 ची कॉइल भोवती बसते आणि चारी बाजूंनी दोन मिमी जागा उरते. 17 नंबरच्या नटाला ती चढत नाही, 26 ची घ्यायची. कॉइल नटाला टेकवायची नाही. आधी तारेच्या ब्रशने स्टडचे उघडे आटे साफ करा, नाहीतर सुटलेला नट बाहेर येताना त्याच घाणीत पुन्हा अडकतो. बटण दाबलं की दहा-पंधरा सेकंदांत जुनं तेल धुरायला लागतं आणि थोड्या वेळाने नट मंद लाल होतो. इथे थंड व्हायची वाट पाहायची नाही. नट तापून फुगलेला असतो, स्टड त्यामानाने थंड असतो, तेवढ्यातच सिक्स पॉइंट गोटी लावून फिरवायचं. बारा कोनांची गोटी नको. गंजून बारीक झालेल्या नटाचे कोपरे ती खाऊन टाकते. लाल केलेला नट पुन्हा वापरायचा नाही.

ॲल्युमिनियमचं गणित उलटं आहे. हीटर लोखंड तापवतो, ॲल्युमिनियम त्यामानाने फारच कमी. M10 चा बोल्ट 200 अंशांनी तापला की व्यासात सुमारे 0.024 मिमी फुगतो. भोवतीचं भोक तेवढं फुगलेलं नसतं, म्हणजे गरम असताना बोल्ट आणखी घट्ट बसतो. त्या क्षणी पाईप लावून जोर दिला की एक तर डोकं तुटून हातात येतं, नाहीतर बोल्टाबरोबर ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. इथे तापवायचं ते फोडण्यासाठी. बोल्ट फुगतो, आट्यांतली गंजाची पांढरी भुकटी चिरडतो, थंड होताना आकसतो आणि धरलेली पकड सुटते. कोकणपट्टीतल्या गाड्यांत ही भुकटी जरा जास्तच, खारी हवा आणि दोन धातूंची जोडी.

पद्धत अशी: पाच-सात सेकंद तापवा, लाल होऊ देऊ नका. मग निवू द्या. बोल्ट कोमट असताना गंज सोडवायचं तेल मुळाशी सोडा, आकसताना ते आत ओढलं जातं. पूर्ण निवल्यावर डोक्यावर हातोडीचे सरळ, मध्यम ठोके द्या. मग आधी किंचित आवळायच्या दिशेला, मग सोडायच्या. करकर आवाज आला की थांबा, पाव फेरा मागे घ्या, तेल सोडा, पुन्हा पुढे. नाही हलला तर तापवण्यापासून सगळं परत करा. दोन-तीनदा करूनही ढिम्म असेल तर हीटर बाजूला ठेवा आणि हॉट एअर गनने भोवतीचं ॲल्युमिनियम 120 अंशांपर्यंत तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे यावेळी मात्र गरम असतानाच फिरवायचं. मोकळं हेड असेल तर एअर गनपेक्षा ओव्हन बरा, सगळीकडे सारखं तापतं. ऑइल सील आणि सेन्सर आधी काढून ठेवा.

तेलाबद्दल एक. डब्ल्यूडी-40 चा साधा डबा मुळात ओलावा हटवण्यासाठीचा, खास गंज सोडवायचं तेल त्याहून चांगलं काम करतं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोनचं घरगुती मिश्रण अनेक मिस्त्री वापरतात, पण हीटरच्या आसपास ते नकोच, ॲसिटोन लगेच पेट घेतो.

फ्लायव्हीलच्या बोल्टना लावलेलं लाल लॉकटाइट साध्या जोराने हटत नाही, त्याला 250 अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि बोल्ट गरम असतानाच काढावा लागतो. गॅसच्या ज्वाळेने हे करताना क्रँकचं मागचं ऑइल सील जळण्याची भीती. हीटरची उष्णता डोक्यापुरती राहते, म्हणून धोका कमी, पण शून्य नाही. क्रँक पुलीच्या बोल्टला मी वीस सेकंदांच्या वर देत नाही. बोल्ट नवे घाला, आटे टॅपने साफ करा.

आता तक्रारी. खोल खाचेतल्या ॲलन बोल्टपर्यंत (डोक्यात षटकोनी भोक असलेला) कॉइल पोचतच नाही, तिथे हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच. पितळी नट जेमतेम तापतात. सलग दोन मिनिटांच्या वर चालवला की यंत्र स्वतः बंद पडतं आणि गार व्हायला वेळ घेतं. चालू असताना साडेचार अँपिअर घेतं, त्यामुळे बारीक वायरचं एक्स्टेन्शन गरम होतं. 1.5 चौरस मिमीची वायर घ्या, आणि घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर चालवायचा विचार सोडा.

अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, कॉइलजवळ अंगठीही तापते. पेसमेकर असलेल्याने हात लावू नये. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय तापवू नका, त्याचा धूर विषारी असतो. पेट्रोलची नळी किंवा सीएनजीचं किट शेजारी असेल तर हीटर वापरायचाच नाही.

डोकं तुटून बोल्ट पृष्ठभागाबरोबर गेला की हीटरचा उपयोग संपतो. मग उरलेल्या तुकड्यावर वॉशर आणि नट ठेवून वेल्डिंग, आणि निवल्यावर पाना. तेही जमलं नाही तर लेथवाल्याकडे ड्रिल करून नवे आटे.

आवर्ती खर्च कॉइलचाच. वरचं काचतंतूचं आवरण नटाला टेकलं की काळं पडतं, मग सुटं होतं, आणि उघडी तार लोखंडाला लागली की कॉइल गेली. यंत्र मागवतानाच 19 च्या दोन कॉइल जास्तीच्या घ्या. 38 ची माझ्याकडे अजून कोरी पडून आहे.