दिवाळीचा डबा परदेशी: टपाल, कुरिअर की तयार बॉक्स?

परदेशातल्या मुलाला किंवा मुलीला फराळ पाठवायचा असेल तर आधी एक ठरवा: डबा पोट भरायला चाललाय की घराची आठवण भागवायला? न्यू जर्सीतलं एडिसन, लंडनचं वेंब्ली, दुबईतलं करामा, टोरांटोजवळचं ब्रॅम्प्टन, इथे फराळाच्या जिनसा दुकानात मिळतात. तिथे राहणाऱ्याला दहा किलो चकल्यांची गरज नसते. त्याला हवी असते आपल्या घरच्या भाजणीची चव, आणि तीही लक्ष्मीपूजनाच्या आधी. या दोन कसोट्या लावून फराळ पोचवणाऱ्या तीन सेवांबद्दल इथे लिहिलं आहे: टपाल खात्याची आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट, खासगी एक्स्प्रेस कुरिअर (थेट किंवा गल्लीतल्या एजंटामार्फत) आणि दुकानांचे, बचत गटांचे तयार बॉक्स.

कौल आधीच सांगून टाकतो. घरचा पाच किलोंपर्यंतचा डबा आणि हाताशी तीन आठवडे असतील तर स्पीड पोस्ट. उशीर झाला असेल तर एक्स्प्रेस. तयार बॉक्स फक्त घरी तळणारं कुणी नसेल तेव्हाच.

स्पीड पोस्टचं मोठं बलस्थान म्हणजे हिशेब सरळ आहे. देशागणिक दर ठरलेला, वजनाचे टप्पे २५० ग्रॅमचे, त्यामुळे चार किलो शंभर ग्रॅमला साडेचार किलोंचे पैसे जात नाहीत. शक्यतो शहरातल्या मुख्य टपाल कार्यालयात जा. छोट्या शाखेत परदेशी पार्सलचा सराव नसतो, तिथे फॉर्मपासूनच अडतं. खोका पूर्ण चिकटवून नेऊ नका, आतलं दाखवायला सांगू शकतात. चिकटपट्टी, कात्री, आधारची प्रत आणि जिनसांची यादी बरोबर ठेवा. सीमाशुल्काचा फॉर्म सीएन २२ किंवा सीएन २३ असतो. त्यावर ‘स्नॅक्स’ एवढंच लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. प्रत्येक जिन्नस वेगळ्या ओळीत, इंग्रजीत, वजन आणि किंमतीसह लिहा: ‘होममेड फ्राइड राइस अँड लेंटिल स्नॅक, १ किलो’. ‘गिफ्ट’च्या चौकटीत खूण करा. तेरा अक्षरांचा ट्रॅकिंग क्रमांक मिळतो, शेवटची दोन अक्षरं आयएन. पार्सल भारताबाहेर पडलं की हाच क्रमांक तिकडच्या टपाल सेवेच्या साइटवर टाका, तिथली माहिती लवकर बदलते. ब्रिटनमध्ये ही पार्सलं पार्सलफोर्सकडे जातात.

उणीव म्हणजे वेळेची खात्री नाही. विमानात चढायला दोन दिवस लागतात की सहा, हे दिवाळीच्या गर्दीत सांगता येत नाही. तिकडच्या सीमाशुल्कात खोका अडला तर कागदपत्रं घेऊन धावणारं कुणी नसतं. जर्मनीत अशा वेळी घेणाऱ्यालाच सीमाशुल्क कार्यालयात बोलावतात.

एक्स्प्रेस कुरिअरवाले घरी येऊन खोका नेतात, आठवडाभरात पोचवतात आणि सीमाशुल्काचे कागद स्वतः करतात. पण इथे पैसे वजनाचे की आकाराचे, हे समजून घ्यायलाच हवं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि ५००० ने भागा. येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असेल तर पैसे त्याचे. पाच किलो फराळ ४५×३५×३० च्या खोक्यात भरला तर हिशेब ९.४५ किलोंचा होतो, म्हणजे पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत धरून साडेनऊ. तोच फराळ ३५×३०×२५ मध्ये बसवला तर ५.२५, म्हणजे साडेपाच. चार किलोंचे पैसे फक्त हवेचे. थोडक्यात, ज्या जिनसेचा एक किलो पाच लिटरपेक्षा जास्त जागा खातो ती महाग पडते. पातळ पोह्यांचा चिवडा यात सगळ्यात पुढे, बेसनाचा लाडू सगळ्यात मागे. म्हणून दोन्ही एकत्र पाठवा आणि चिवड्याच्या पिशव्या चकलीच्या डब्यांभोवतीच्या फटींत दाबून बसवा. चिवडाच गादीचं काम करतो, बबल रॅपची जागा वाचते.

एजंटाकडून जाताना चार गोष्टी लेखी घ्या. सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी आणि इंधन अधिभार धरला आहे का. शेवटचा टप्पा कोणती कंपनी पोचवणार. तिकडे ड्यूटी लागली तर कोण भरणार. आणि पाठवणारा म्हणून नाव कुणाचं छापणार. ‘ड्यूटी लागणारच नाही, आमची गॅरंटी’ असं म्हणणारा एजंट बहुधा किंमत कमी दाखवतो किंवा माल दुसऱ्या नावाने लिहितो. पकडलं गेल्यावर खोका घेणाऱ्याच्या नावावर अडकतो, एजंटाच्या नाही. दहा किलोंचा दर किलोमागे स्वस्त दिसतो, त्या मोहात पडू नका. भेटवस्तूंची करसवलत किंमतीवर असते: ब्रिटनमध्ये ३९ पौंड, युरोपीय संघात ४५ युरो, कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर. पाच किलो फराळ खरी किंमत लिहूनही या मर्यादेत बसतो. दहा किलोंचा बसेलच असं नाही, आणि वाचलेले पैसे कर आणि क्लिअरन्स फीमध्ये जातात.

अमेरिकेचा मामला वेगळा झाला आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला मिळणारी सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याचं अमेरिकेचं पार्सल बुकिंग काही आठवडे बंद होतं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झालं. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली १०० डॉलरपर्यंतची भेट मात्र वेगळी धरली जाते. म्हणून अमेरिकेच्या डब्यावर ‘गिफ्ट’ लिहिणं आणि किंमत १०० डॉलरच्या आत ठेवणं हे दोन्ही हवं, आणि बुकिंगच्या दिवशीचा नियम काउंटरवर विचारूनच पैसे भरा.

याच अमेरिकेत घरचा फराळ आणि दुकानचा फराळ यांत कायदाच फरक करतो. बाहेरून येणाऱ्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना तिथल्या एफडीएला (अन्न आणि औषध प्रशासनाला) द्यावी लागते. स्वतः घरी बनवून स्वतः पाठवलेल्या वैयक्तिक भेटीला त्यातून सूट आहे. दुकानातून घेतलेल्या बाकरवडीला ती नाही. एजंटाने पाठवणारा म्हणून आपल्या फर्मचं नाव टाकलं तर तुमची घरची चकलीही व्यापारी माल दिसू लागते. तयार बॉक्स विकणाऱ्याला म्हणूनच थेट विचारा: एफडीएची पूर्वसूचना कोण भरतं, तिचा क्रमांक खोक्यावर असतो का? ज्याला हा प्रश्न कळत नाही त्याच्याकडून अमेरिकेचा बॉक्स घेऊ नये. तयार बॉक्सची दुसरी अडचण चवीची आहे. माल चांगला असतो, पॅकिंग बहुधा घरच्यापेक्षा सरस असतं, पण ती चव कुणाच्याच घरची नसते. घ्यायचाच असेल तर तळल्याची तारीख छापणाऱ्या गटाकडून घ्या. फक्त ‘बेस्ट बिफोर’ छापलेला बॉक्स दसऱ्याच्याही आधीचा असू शकतो.

आता काय घालायचं नाही ते, कारण खोके अडतात ते इथेच. खसखस. अनारशाला लावलेली, करंजीच्या सारणात भाजून घातलेली खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत येते, आणि तिथे हा प्रश्न दंडावर मिटत नाही. सौदी आणि सिंगापूरसाठीही खसखस वर्ज्यच धरा. आखाती देशांत कोकणातली इतकी माणसं आहेत, तरी ही चूक दरवर्षी होते, कारण करंजीत खसखस आहे हे यादी लिहिणाऱ्याच्या लक्षातच राहत नाही. तीळ वापरा, चव बिघडत नाही. ऑस्ट्रेलियाला पेढे, बर्फी, खव्याचं काहीही पाठवू नका. लाळ्या-खुरकत रोगाच्या भीतीने तिथे भारतातले दुधाचे पदार्थ काढून घेऊन नष्ट करतात. त्या डब्यात तुपातले लाडूही टाळावेत आणि तेलातल्या जिनसांवर भर द्यावा. ब्रिटन आणि युरोपीय संघातही दुधाच्या मिठाईला, तुपाच्या बरणीला मज्जाव आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्या आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात. कापूरही ज्वलनशील म्हणून बाद. रांगोळी म्हणजे नाव नसलेली पांढरी पूड, ती एक्स-रेत दिसली की अख्खा खोका उघडतात. उटणं कंपनीच्या बंद पाकिटातलं असेल तरच. आणि मोती साबण फराळाच्या खोक्यात कधीही नको. प्लास्टिकच्या तीन थरांतूनही त्याचा वास लाडवाला लागतो, पंधरा दिवसांत लाडू खाण्याजोगे राहत नाहीत.

पाच किलोंची वाटणी अशी बसते: बेसनाचे लाडू सव्वा किलो, चकली एक किलो, शंकरपाळे पाऊण किलो, चिवडा एक किलो आणि चकलीची भाजणी एक किलो. भाजणी पाहून आश्चर्य वाटेल, पण डब्यातली सगळ्यात मोलाची जिन्नस तीच. ती फुटत नाही, खवट व्हायला वेळ घेते, जागा कमी खाते, आणि तिकडच्या स्वयंपाकघरात तळण काढलं की घरभर जो वास सुटतो तो कुठलाही कुरिअर पोचवू शकत नाही. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, मूठभर पोहे, अर्धी वाटी धने, पाव वाटी जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळी भाजून, पूर्ण गार करून दळायची. पाकिटावर इंग्रजीत ‘रोस्टेड राइस अँड लेंटिल फ्लोअर’ (flour, म्हणजे पीठ) लिहा आणि आत कृतीची चिठ्ठी घाला: एक वाटी भाजणीला एक वाटी उकळतं पाणी, दोन चमचे तेलाचं मोहन, तिखट, मीठ, तीळ, आणि झाकून अर्धा तास. ओल्या नारळाचे रव्याचे लाडू आणि चिरोटे मात्र घरीच खा. पहिले आंबतात, दुसऱ्यांचा चुरा होतो.

तळल्यानंतर निदान चार तास कागदावर उघडं ठेवून मगच भरा. कोमट चकली बंद केली की वाफ आतच जिरते आणि ती मऊ पडते. चिवड्यात शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप सगळ्यात आधी खवट होतात, परदेशी डब्यात ते निम्मे करून डाळं वाढवा. तेल ताजं घ्या, आदल्या तळणाचं नको. व्हॅक्यूम पॅकिंग लाडवाला चालतं, चकलीचा आणि चिवड्याचा भुगा करतं. त्यांना थोडी हवा ठेवून उष्णतेने बंद केलेली जाड पिशवी लागते. चकल्या गोल डब्यात एकावर एक, दर दोन थरांमध्ये बटर पेपर. खोका पाच थरांच्या पुठ्ठ्याचा, खाली लाडू आणि भाजणी, मध्ये चकली, फटींत चिवडा, बाजूला उभे दोन दिवाळी अंक. त्यांनी खोक्याची भिंतही ताठ राहते. बंद करून हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

वेळेचं गणित यंदा जरा अवघड आहे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. स्पीड पोस्टने पाठवायचं तर दसऱ्याच्या आसपास बुकिंग व्हायला हवं, म्हणजे तळण नवरात्रात येतं. ज्यांचे नऊ दिवस उपास असतात त्यांनी भाजणी आणि शंकरपाळ्यांचं पीठ घटस्थापनेआधीच तयार ठेवावं. कोजागरीनंतर तळणार असाल तर एक्स्प्रेसशिवाय पर्याय नाही. ऑक्टोबरच्या उन्हात गोदामात पडलेल्या खोक्यात जास्त तुपाचे लाडू बसतात, म्हणून नेहमीपेक्षा तूप थोडं कमी आणि बेसन थोडं जास्त भाजलेलं ठेवा.

पत्ता लिहिताना फ्लॅट क्रमांक, पिन किंवा झिप कोड, देशाच्या कोडसह मोबाइल आणि ईमेल हे चारही हवेत. जर्मनीत टपालपेटीवर ज्याचं आडनाव असेल त्याचंच पार्सल पोचतं. भाड्याने खोली घेतलेल्या विद्यार्थ्याने मूळ भाडेकरूचं नाव ‘सी/ओ’ (केअर ऑफ) म्हणून कळवावं, नाहीतर खोका परत फिरतो. आखातात मोबाइल क्रमांक चुकला तर पत्ता कितीही बरोबर असून उपयोग नाही. वसतिगृहात दिवसा कुणी नसतं, तेव्हा ट्रॅकिंग क्रमांक घेणाऱ्यालाही त्याच दिवशी पाठवा. दारात सोडलेली चिठ्ठी दुर्लक्षली तर ठराविक दिवसांनी पार्सल परत निघतं.

आणि पोचल्यावर काय करायचं तेही आधीच कळवून ठेवा. नरम चकली किंवा चिवडा १०० ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं, मग बाहेर पूर्ण गार होऊ द्यायचा. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो, गरम असताना नाही. थंडीने दगड झालेला लाडू मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद. निम्मे लाडू हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवले तर संक्रांतीपर्यंत टिकतात. डिसेंबरच्या अंधाऱ्या आठवड्यांत, जेव्हा तिकडे साडेचारलाच दिवस मावळतो, तेव्हा ते बाहेर काढायला सांगा.